तीरावरची धर्मशाळा

नद्यांवर पूल झाले तेव्हांपासून नदी ही वाटेंत आडवी येणारी वस्तु आहे, हें आपण विसरूनच गेलों आहोंत. आगगाडी पुलावरून धडधडत जाते, एकादी म्हातारी हात जोडून पाण्यांत पैसा टाकते, आणि पलीकडचा तीर केव्हां आला हें शेजारीं डुलकी घेणाऱ्याला कळतही नाहीं. परंतु पूल नव्हते त्या काळीं प्रवासाचा हिशेब कोसांवर होत नसे, नद्यांवर होत असे. दिवस मावळल्यावर नावाडी होडी सोडीत नसे. वारा उलटा असला तर दोन प्रहर खोळंबा होई. पावसाळ्यांत पूर आला म्हणजे दोन दिवस, चार दिवस, प्रसंगीं पंधरवडाभर अलीकडच्या तीरावर बसून रहावें लागे. गांव असे उंचावर आणि दूर. कारण पुराच्या भयानें कोणी अगदीं कांठावर घर बांधीत नाहीं. अशा वेळीं ओल्या कपड्यांनीं, पोराबाळांसह थांबलेल्या परक्या माणसाच्या डोक्यावर छप्पर कोणीं घालावयाचें, आणि तें छप्पर वर्षानुवर्षें कोणीं शाकारावयाचें, हा प्रश्न आपल्या देशांत फार जुना आहे. आज त्याचाच थोडासा मागोवा घेण्याचा माझा विचार आहे.

अशा आडजागीं निवारा बांधणें ही एक गोष्ट, तो चालविणें ही दुसरी, आणि पडल्यावर तो पुन्हां उभा करणें ही तिसरी. पहिल्या गोष्टीचें पुण्य मोठें व नांवही मोठें. म्हणून ती करणारे पुष्कळ सांपडतात. दुसरीला नांव नाहीं. तिसरीला तर पुष्कळदां खर्चच अधिक. इतिहासांत पहिल्या गोष्टीची नोंद दगडावर होते आणि बाकीच्या दोन्ही गोष्टी विस्मृतींत जातात. सुदैवानें आपल्या महाराष्ट्रांत असा एक जुना लेख आहे कीं, ज्यांत या तिन्ही गोष्टींचा उलगडा एकाच डोंगरावर वाचावयास मिळतो.

नाशिक शहरापासून सुमारें आठ किलोमीटरांवर त्रिरश्मि नांवाचा डोंगर आहे. तेथील लेण्यांना लोक पांडव लेणीं म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंच्या निवासाचीं लेणीं आहेत. त्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरींत ब्राह्मी अक्षरांत कांहीं लेख कोरलेले आहेत. ते उषवदाताचे आहेत. हा उषवदात जातीनें शक, दीनिकाचा मुलगा, आणि क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई. म्हणजे परक्या कुळांतून येऊन या देशाचा झालेला माणूस. काळ आजपासून सुमारें १९०० वर्षांपूर्वींचा.

आपण केलेल्या दानधर्माची यादी उषवदातानें या लेखांत दिली आहे. गाई दिल्या, गांवें दिलीं, ब्राह्मणभोजनें घातलीं, हें त्या काळच्या रीतीला धरूनच आहे. परंतु त्याच यादींत दोन वाक्यें अशीं आहेत कीं, तीं वाचतांना हा माणूस स्वतः वाटसरू म्हणून फिरलेला असला पाहिजे, असें वाटतें. पहिल्या वाक्यांत तो सांगतो कीं, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणीं त्यानें प्रवाशांच्या निवासासाठीं चतुःशाल घरें बांधलीं. चतुःशाल म्हणजे आपल्या बोलींत चौसोपी. भरुकच्छ म्हणजे नर्मदेच्या मुखावरचें भडोच. दशपुर म्हणजे माळव्यांतील मंदसोर. गोवर्धन हें नाशिकजवळचें. आणि शोर्पारग म्हणजे वसईजवळचें सोपारें. हीं चारही व्यापाराच्या वाटेवरचीं गांवें होतीं.

दुसरें वाक्य माझ्या मतें अधिक मोलाचें आहे. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर त्यानें होड्यांनीं उतरण्याची फुकट सोय केली, आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा केल्या. सभा म्हणजे बसाउठावयाचा मोकळा निवारा. प्रपा म्हणजे पाणपोई. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं या नद्या ओळखून दाखविल्या. अंबिका, पार, दमणगंगा, तापी, अंबिकेला मिळणारी लहानशी कावेरी, आणि डहाणूची खाडी अशा त्या आहेत. आज मुंबईहून सुरतेस जातांना आगगाडी यांतील बहुतेक नद्या ओलांडते, आणि खिडकींतून समुद्राकडे रुंद होत गेलेलीं त्यांचीं पात्रें दिसतात. भरती आली कीं फुगणाऱ्या आणि ओहोटीला चिखल उघडा टाकणाऱ्या या नद्या; त्यांच्या तीरावर अडकलेल्या माणसाचे हाल किती होत असतील, याची कल्पना तेथेंच येते.

दोन्ही तीरांवर हे शब्द ध्यानांत घ्यावे. घरीं बसून दान करणारा माणूस एका तीरावर घर बांधून मोकळा झाला असता. परंतु ज्यानें स्वतः खोळंबून रात्र काढली आहे, त्याला ठाऊक असतें कीं, नदीला दोन तीर असतात व माणसें दोन्हीकडून येतात. गोरगरिबाला उतराईचे पैसे नसतात, म्हणून होडी फुकट हवी. होडी येईपर्यंत सावली हवी. आणि खाडीचें पाणी खारें असल्यामुळें सावलीपेक्षांही आधीं पिण्याचें पाणी हवें. इतकें सर्व त्या एका वाक्यांत आहे.

आतां चालविण्याची गोष्ट. त्याच ओसरींत उषवदाताचा दुसरा लेख आहे. त्यांत लेण्यांत पावसाळा काढणाऱ्या भिक्षूंच्या खर्चाची व्यवस्था सांगितली आहे. मीं आयुष्यभर शाळेंत व्याजाचीं गणितें शिकविलीं. त्यामुळें हा लेख प्रथम समजून घेतला तेव्हां मला जुना मित्र भेटल्यासारखें वाटलें. उषवदातानें ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. त्यांपैकीं २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक या दरानें, आणि १००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण या दरानें ठेविले. आतां हिशेब करून पहा. २००० चें व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यांत भिक्षु २०. प्रत्येकाला वस्त्रासाठीं वर्षाला १२ कार्षापण द्यावयाचे, म्हणजे बरोबर २४०. बाकी शून्य. १००० चें व्याज वर्षाला ९०. तें त्यांच्या दुसऱ्या खर्चासाठीं. कोठेंही अजमास नाहीं, भरमसाट वचन नाहीं. किती माणसें राहणार आणि त्यांना किती लागणार हें मोजून ठेव ठेविली आहे.

या ठेवीच्या अटीही पाहण्यासारख्या आहेत. मुद्दल परत मागावयाचें नाहीं. फक्त व्याज खावयाचें. आणि ही व्यवस्था नगराच्या सभेंत सर्वांना ऐकविली, व रीतीप्रमाणें फलकावर नोंदविली. म्हणजे दात्याच्या मनांत, कारभाऱ्याच्या वहींत किंवा पुजाऱ्याच्या पेटींत ती लपून राहिली नाहीं. ज्याला विचारावयाचें असेल त्याला विचारतां यावें, अशी ती चारचौघांत मांडली होती. शिवाय नानंगोल गांवांतील ३२००० नारळीचीं झाडें त्यानें परिव्राजकांच्या चार मंडळींसाठीं दिलीं, असेंही पहिल्या लेखांत आहे. हें नानंगोल म्हणजे आजचें समुद्रकांठचें नारगोळ, असें पंडितांनीं मानलें आहे. नारळीचें झाड म्हणजे उभी ठेवच. वर्षाला फळ देतें आणि मुद्दल जागेवर राहतें.

एवढें सर्व केलें, तरी काळाचा घाला चुकला नाहीं. गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पराभव केला. नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांतील निम्म्याहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हां मारलेला आहे. राज्य बदललें, नाणें बदललें. मग डोंगरावरच्या निवासाचें काय झालें? त्याचें उत्तर त्याच डोंगरावरच्या तिसऱ्या लेण्यांत आहे. आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षीं गौतमीपुत्रानें पूर्वीं उषवदाताकडे असलेलें २०० निवर्तनें शेत तेथील भिक्षूंना दिलें. शत्रूची जमीन हातीं आली, ती त्यानें शत्रूनेंच पोसलेल्या ठिकाणाला दिली. ही थोर गोष्ट झाली. परंतु खरी शिकवण पुढच्या लेखांत आहे. २४ व्या वर्षीं राजा आणि राजमाता या दोघांच्या नांवें हुकूम निघाला. कखडी गांवांतील जें शेत पूर्वीं दिलें होतें तें कोणी कसत नाहीं, आणि गांवांतही वस्ती उरलेली नाहीं. म्हणून आतां नगराच्या सीमेवरचें आमच्या मालकीचें १०० निवर्तनें शेत त्याऐवजीं द्यावें, असा तो हुकूम आहे.

श्रोतेहो, माझ्या सांगण्याचें सार या हुकुमांत आहे. दान खोटें नव्हतें, जमीन कोणी हिरावून घेतली नव्हती, सनदही शाबूत होती. परंतु गांव उठलें, नांगर थांबला, आणि ज्या शेताच्या जिवावर डोंगरावरचें माणूस जगत होतें तें शेत नुसतें कागदावर, म्हणजे त्या काळीं दगडावर, राहिलें. आडजागींचा निवारा दात्याच्या पैशावर उभा राहतो, पण भोंवतालच्या वस्तीच्या पोटापाण्यावर टिकतो. वस्ती नांदती असेल तर धर्मशाळा नांदते. वस्ती उठली कीं धर्मशाळेचें जोतें तेवढें राहतें. उषवदाताच्या त्या सहा नद्यांवरील सभांचा आज एकही चिरा दाखवितां येत नाहीं.

आतां त्याच भडोचापासून नर्मदेच्या कांठानें वर चलूं. उषवदातानंतर सोळाशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर याच नदीच्या उत्तर तीरावर महेश्वर येथें एका मराठी स्त्रीनें राज्याचें ठाणें केलें. अहिल्याबाई होळकरांचें चरित्र आपणांस ठाऊकच आहे. जन्म १७२५ सालीं नगर जिल्ह्यांतील चौंडीस. पति खंडेराव १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पडले. सासरे मल्हारराव १७६६ त गेले. आणि पुत्र मालेराव यांच्या मृत्यूनंतर १७६७ सालीं कारभार त्यांच्याकडे आला, तो १७९५ सालीं त्यांच्या देहावसानापर्यंत त्यांनीं चालविला. काशीविश्वनाथाचें देऊळ १७८० सालचें, गयेचें विष्णुपद मंदिर १७८७ सालचें. काशी, हरद्वार, सोमनाथ, वेरूळ अशा चहूंकडच्या तीर्थांवर त्यांनीं देवळें, घाट, धर्मशाळा, विहिरी बांधविल्या किंवा पडलेल्या पुन्हां उभ्या केल्या. स्वतः मात्र महेश्वरच्या किल्ल्यांत, नर्मदेच्या घाटावर, एका साध्या लांकडी खांबांच्या वाड्यांत राहिल्या.

नर्मदेचा कांठ म्हणजे केवळ स्नानाची जागा नव्हे. या नदीची परिक्रमा करतात. नदी उजव्या हाताला ठेवून, ती न ओलांडतां, पायीं चालत उगमापासून मुखापर्यंत व परत, अशी ती वाट अडीच हजार किलोमीटरांहून अधिक भरते. रीत पाळून केली तर तिला तीन वर्षें, तीन महिने व तेरा दिवस लागतात. चातुर्मासांत परिक्रमावासी चालत नाहीं. एका ठिकाणीं मुक्काम करतो. म्हणजे आठ महिने रोज एका रात्रीचें छप्पर, आणि चार महिने एकाच जागीं आसरा. जवळ पैसा नाहीं, बरोबर शिधा नाहीं. अशा माणसासाठीं कांठावर धर्मशाळा हवी, आणि तिच्याबरोबर सदावर्त हवें. सदावर्त म्हणजे येईल त्याला डाळ, तांदूळ, पीठ, मीठ रोज मोजून देण्याची व्यवस्था. नुसती वास्तु उपाशी माणसाच्या काय कामाची?

हा खर्च भागत असे कशांतून? होळकरांच्या घरीं दौलतीचा वसूल वेगळा आणि खासगीचा वसूल वेगळा असे. पेशव्यांनीं १७३४ सालीं मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस खासगी जहागीर लावून दिली. ती पुढें अहिल्याबाईंकडे आली. धर्मादायाचा भार त्यांनीं या खासगीवर ठेविला, लष्कराच्या व कारभाराच्या खर्चांत तो मिसळूं दिला नाहीं. लढाईचें वर्ष आलें कीं पहिली काट धर्मादायाला बसते, हें ज्याला कळतें तोच असा वेगळा कप्पा करतो. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, महेश्वरांत त्यांनीं बाहेरून विणकर आणून वसविले, अशी परंपरा आहे. आज ज्याला आपण महेश्वरी लुगडें म्हणतों, तें त्या मागांवरचें. उषवदाताची ठेव विणकरांच्या श्रेणीकडे होती. येथेंही घाटाच्या माथ्यावर माग चालूं होते. दोन्ही ठिकाणीं नदीकांठचा निवारा आणि विणकराचा धोटा यांची गांठ पडावी, हा योग मोठा विचार करण्यासारखा आहे.

पुढें दिवस फिरले. १८१७ च्या डिसेंबरांत महिदपूरची लढाई झाली आणि १८१८ च्या जानेवारींत होळकरांनीं इंग्रजांशीं तह केला. तो तह मंदसोर येथें झाला. म्हणजे ज्या दशपुरांत उषवदातानें वाटसरूंसाठीं चौसोपी बांधली होती, त्याच गांवीं. होळकरांची राजधानी इंदुरास गेली. दरबार गेला तसे गिऱ्हाईक गेलें. पुढें गिरण्यांचें कापड आलें, तसे माग थांबूं लागले. महेश्वरचा घाट, देवळें आणि वाडा जागेवर राहिलीं. त्यांना कामांत ठेवणारी गर्दी मात्र राहिली नाहीं.

त्याच काळांत सरकारनें रस्त्यांवर आणि नदीच्या उतारांवर डाक बंगले बांधले. त्यांची तऱ्हा निराळी होती. तेथें पुण्याचा संबंध नव्हता. येणाऱ्यानें नोंदवहींत नांव लिहावें, ठरलेलें भाडें द्यावें, खानसामा शिजवील तें खावें, आणि नवा प्रवासी आला तर आधीं राहिलेल्यानें त्याला जागा करून द्यावी. गरिबाला त्या दारांत शिरकाव नव्हता, हें खरें. परंतु भाडें घेऊन त्यांतून दुरुस्ती करणें आणि कोण आलें, कोण गेलें याची लेखी नोंद ठेवणें, या दोन गोष्टी आमच्या धर्मशाळांनीं त्यांच्यापासून घेतल्या असत्या तर बरें झालें असतें.

नदीकांठच्या वास्तूची देखभाल म्हणजे काय, हें घरांत बसून कळत नाहीं. पूर ओसरतो तेव्हां घाटाच्या पायऱ्यांवर हातभर गाळ बसतो. तो ओला असतांनाच काढला तर घमेल्यांनीं व पाण्याच्या धारेनें निघतो. आळस केला आणि ऊन पडलें कीं त्याला पहार लागते. दगडांच्या सांध्यांत पिंपळाचें बी पडतें. पहिल्या वर्षीं तें रोप दोन बोटांनीं उपटतां येतें. दहा वर्षांनीं त्याचें मूळ चिरा उचलतें. लांकडी खांबाचा तळखडा दगडी असला तरी भोंवतीं माती चढली कीं वाळवीला वाट मिळते. कौलें पावसाळ्यापूर्वीं दरसाल चाळावयाचीं. एक कौल फुटलें तर कडीपाट कुजतो, आणि कडीपाट कुजला कीं तुळई खालीं येते. यांतलें एकही काम मोठें नाहीं, पण त्यांतलें एकही पुढच्या वर्षावर ढकलतां येत नाहीं. मोठ्या पुरानें पडलेल्या धर्मशाळा थोड्या. एका फुटक्या कौलानें पडलेल्या पुष्कळ.

जीर्णोद्धारांतही एक मोठी चूक होते. जुनी भिंत चुन्याची असते. कळीचा चुना विरवून, त्यांत वाळू व विटांची सुरखी घालून, बैलाच्या घाणींत तो मळीत असत. असा चुना ओल पितो आणि उन्हांत ती सोडून देतो. आज दुरुस्तीला निघालेला माणूस घाईनें त्यावर सिमेंटचा गिलावा चढवितो. पहिलें वर्ष भिंत नवी दिसते. परंतु सिमेंट ओलीला वाट देत नाहीं. ती भिंतीच्या पोटांत कोंडून राहते, क्षार फुटतो, आणि गिलाव्याबरोबर जुन्या विटेचेंही कवच सुटून येतें. रोग्याला गुण येण्याऐवजीं औषधानेंच तो खंगावा, तशी ही गोष्ट. म्हणून जीर्णोद्धार करावयाचा तर प्रथम चुना मळणारा, लांकूड ओळखणारा, चिरा बसविणारा कारागीर हवा. आणि तो कारागीर गांवांत राहतो, गांवाला काम असेल तोंवरच राहतो. फिरून आपण वस्तीपाशींच येतों.

महेश्वरची पुढची हकीकत याच दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. १९७९ सालीं होळकर घराण्यांतील रिचर्ड होळकर व सॅली होळकर यांनीं तेथें रेहवा या संस्थेच्या द्वारें हातमाग पुन्हां चालूं करण्याचें काम हातीं घेतलें. रेहवा हें नर्मदेचेंच एक नांव. स्त्रियांना विणकाम शिकविलें, माल शहरांत विकावयास पाठविला. थांबलेले माग वाजूं लागले. आणि त्यानंतर एकवीस वर्षांनीं, म्हणजे २००० सालीं, रिचर्ड होळकर यांनीं किल्ल्यांतील आपलें राहतें घर दुरुस्त करून पाहुण्यांसाठीं उघडलें. आज देशोदेशींचे प्रवासी तेथें भाडें देऊन राहतात, पहाटे घाटावर उतरतात, नर्मदेवर सूर्य उगवतांना पाहतात, आणि जातांना एकादें लुगडें घेऊन जातात.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधीं माग, मग वाडा. आधीं गांवाला काम, मग पाहुण्याला खोली. उलटा क्रम करून पुष्कळ ठिकाणीं पैसा बुडालेला आहे. निर्जन जागीं सुंदर इमारत दुरुस्त झाली, चार वर्षें फराशी पुसली गेली, आणि पांचव्या वर्षीं पुन्हां वटवाघळें लोंबूं लागलीं. गौतमीपुत्राला कखडीचें शेत सोडून नगराच्या सीमेवरचें शेत कां द्यावें लागलें, हें ज्यानें ध्यानांत घेतलें त्याला यांत नवल वाटणार नाहीं.

तथापि एक शंका मनांत राहतेच, आणि ती आपल्यापुढें न ठेवणें हा अप्रामाणिकपणा होईल. अहिल्याबाईंच्या दारीं येणारा वाटसरू पैसे देत नव्हता. आजच्या त्या खोलींत परिक्रमावासी राहूं शकत नाहीं. एका रात्रीचें भाडेंच त्याच्या आंवाक्याबाहेरचें. मग हा जीर्णोद्धार कोणाचा झाला? वास्तूचा झाला, हें निःसंशय. विणकराच्या चुलीचाही झाला, आणि ती गोष्ट लहान नव्हे. पण तीरावर खोळंबलेल्या, खिशांत कांहीं नसलेल्या माणसाची सोय हा जो या सर्व प्रपंचाचा मूळ हेतु, तो एका घराच्या मालकानें पुरा करावा अशी अपेक्षा धरणें योग्य नाहीं. तें काम सार्वजनिक धर्मादायाचें आहे, आणि तेथें आपली सर्वांची परीक्षा आहे.

त्या धर्मादायाचें काय झालें तेंही सांगतों. १९४८ सालीं होळकर संस्थान मध्यभारतांत विलीन झालें. अहिल्याबाईंच्या खासगीच्या देवळां-घाटां-धर्मशाळांसाठीं १९६२ सालीं एक न्यास करण्यांत आला. या मिळकती देशभर विखुरलेल्या. त्यांच्या व्यवहारांवरून पुढें वाद उत्पन्न झाले, ते न्यायालयांत गेले, आणि २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा न्यास सार्वजनिक न्यासांच्या कायद्याच्या कक्षेंत येतो असा निर्णय दिला. यांत कोण चुकलें, हें ठरविण्याचा माझा अधिकार नाहीं. मला फक्त उषवदाताची आठवण होते. ठेव ठेविली, ती सभेंत सर्वांना ऐकविली, आणि फलकावर लिहून ठेविली. दूरच्या नदीवरच्या धर्मशाळेवर मालकाची नजर पोंचत नाहीं. तिचें रक्षण उघड हिशेबच करतो.

आपल्या स्वतःच्या गांवाजवळ, नदीवर किंवा खाडीवर, अशी एकादी धर्मशाळा असेल. तिच्या दाराला कुलूप असेल, किंवा तिच्यांत कोणाचें तरी सामान भरलेलें असेल. तिच्यावर बांधणाऱ्याच्या नांवाची शिळा असेल. ती आपण वाचतों आणि पुढें जातों. माझी विनंति इतकीच आहे कीं, पुढच्या वेळीं शिळेवर नांव कोणाचें एवढेंच न पाहतां दोन प्रश्न विचारावे. हिचीं कौलें यंदा कोणीं चाळलीं? आणि त्याची मजुरी कशांतून दिली गेली? या दोन प्रश्नांचीं उत्तरें गांवांत कोणालाही देतां येत नसतील, तर ती धर्मशाळा उभी असूनही पडलेली आहे असें समजावें. आणि उत्तरें मिळवावयाचीं असतील तर वर्गणीच्या यादीच्या आधीं गांवांतील गवंड्याला, सुताराला, नावाड्याला, विणकराला पुढच्या वर्षीं काम आहे कीं नाहीं, हें पहावें.

आज नद्यांवर पूल आहेत, हें खरें. पण परिक्रमेला माणसें अजून निघतात, वारीला निघतात, पुरानें रस्ते अजूनही अडतात, आणि परक्या गांवीं रात्र पडलेल्या माणसाला छप्पर आजही लागतें. १९०० वर्षांपूर्वीं एका परकीय कुळांतल्या माणसानें सहा नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याची काळजी वाहिली. त्याच्या सभा गेल्या, होड्या गेल्या. दगडावरचा हिशेब मात्र अजून वाचतां येतो. वीस माणसें, प्रत्येकीं बारा, एकूण दोनशें चाळीस. तितक्या नेटक्या हिशेबानें आपण आपल्या गांवची एक धर्मशाळा चालविली, तरी पुष्कळ झालें.